नाहीबाई आणि वन्संची डिस्क

एकतीस वर्षं नाहीबाई नोंदणी कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीमागे बसल्या, आणि त्या काळात त्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेला शब्द 'नाही' हाच असणार. त्यात त्यांचा स्वभाव थोडा आणि खिडकी जास्त कारणीभूत. चार नंबरला अर्ज तपासले जायचे. लोक पुढची बाजू झोकदार अक्षरात भरून, गोड हसून कागद आत सरकवायचे. नाहीबाई तो उलटून बघायच्या आणि परत बाहेर सरकवायच्या. अर्जाला मागची बाजूही असते, हे निम्म्या गावाला त्यांच्यामुळे कळलं. एकदा त्यांनी स्वतःच्याच रजेचा अर्ज तारीख नाही म्हणून स्वतःला परत केला आणि तो दिवस अंगात ताप घेऊन खिडकीत काढला, असं त्यांचे जुने सहकारी अजून सांगतात. नाहीबाई म्हणतात की ते खोटं आहे, तारीख होती, सही नव्हती.

लग्नसुद्धा खिडकीतूनच जमलं. यजमान तेव्हा पत्ता बदलल्याची नोंद करायला आले होते आणि सात वेळा परत गेले होते. आठव्या वेळी अर्ज सगळा बरोबर होता. आता शिक्का बसला की इथं यायला काही निमित्त उरणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी खिडकीसमोर उभं राहूनच पेनानं आपली सही खोडली. नाहीबाईंनी खोडलेली सही बघितली, खोडणाऱ्याकडे बघितलं, आणि ओठ घट्ट मिटून अर्ज परत केला.

यजमान म्हणजे नाहीबाईंच्या बरोब्बर उलट. कुणी काही विचारलं की हा माणूस हो म्हणून मोकळा. दारावर येणाऱ्या विक्रेत्यांनी तर त्यांचं नाव एकमेकांना सांगून ठेवलं होतं. त्यामुळे घरात तीन इस्त्र्या होत्या आणि केस वाळवायचं एक यंत्र होतं, आणि यजमानांना तिशीतच टक्कल पडलेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी काँप्युटर घेतला, आणि मग विचारणारं कुणी घरी येण्याचीही गरज उरली नाही. पडद्यावर चौकट आली की त्यातलं न वाचता ते 'हो' दाबायचे. कोपऱ्यात पाच परक्या शहरांचं हवामान दिसायला लागलं. सहाव्या महिन्यात पडद्याच्या तळाशी एक तपकिरी कुत्रा चालायला लागला. तो कुठून आला ते कुणालाच सांगता आलं नाही, पण यजमानांना त्याचा लळा लागला होता.

यजमानांची धाकटी बहीण, म्हणजे नाहीबाईंच्या वन्सं, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, आणि बारा वर्षं इमारतीच्या सचिव. त्यांच्या काँप्युटरवर सगळ्यांच्या घरी असते ती प्रणाली नव्हती. पेंग्विनचं चित्र असलेली लिनक्स नावाची दुसरीच होती, आणि त्याबद्दल त्या जिन्यात गाठून लोकांना सांगायच्या. एका उन्हाळ्यात त्यांनी दहा दिवसांच्या मौन शिबिराला जायचं ठरवलं. अख्ख्या इमारतीनं त्यांना इतकं प्रोत्साहन दिलं की त्यांना जरा संशयच आला.

निघताना त्या खाली आल्या आणि पायमोज्यात गुंडाळलेली तळहाताएवढी काळी डिस्क त्यांनी नाहीबाईंच्या हातात ठेवली.

"वहिनी, बिल्डिंगचं सगळं ह्यात आहे. नकाशे, ठराव, सगळं. तुमच्याकडे ठेवा. दादाच्या हातात देऊ नका."

दादा शेजारीच उभे होते. तेसुद्धा हो म्हणाले.

चौथ्या दिवशी तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांकडे छत गळायला लागलं. गळती फार नव्हती, मिनिटाला चार थेंब. पण ते चारही थेंब दवाखान्यातल्या खुर्चीवर, आ वासून बसलेल्या माणसाच्या बरोबर कपाळावर पडायचे. खुर्ची जमिनीला बोल्टांनी जखडलेली, सरकवायची सोय नाही. मग नर्स छत्री धरून उभी राहायला लागली. डॉक्टर एका हातानं दात उपटायचे आणि दुसऱ्या हातानं छत्रीची काडी आपल्या डोळ्यांपासून दूर करायचे. एक म्हातारे गृहस्थ तर दार उघडून आत बघून, चुकून भलतीकडे आलो असं समजून परत गेले.

प्लंबर आला. मोठा गंभीर माणूस. भिंत फोडण्याआधी तो तिला कान लावायचा, डोळे मिटायचा, दोन टिचक्या मारायचा आणि म्हणायचा, "इथंच आहे." पहिली भिंत त्यानं डॉक्टरांच्या दवाखान्यात फोडली. आत कोरडी ठक्क वीट. दुसरी त्याच्या वरच्या मजल्यावर, शिकवणीवाल्या सरांच्या खोलीत फोडली, फळ्याच्या मधोमध. तिथंही पाइप नव्हता, पण सरांना सुट्टी मिळाली म्हणून मुलं प्लंबरवर खूश झाली. प्लंबरनं हातोडा खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं की पाइपांचा नकाशा असला तर द्यावा, नाहीतर त्याला अजून अकरा भिंतींचा संशय आहे.

नकाशा वन्संच्या डिस्कमध्ये. वन्संच्या घराला कुलूप, आणि किल्ली वन्संबरोबर शिबिरात. नाहीबाईंनी शिबिराच्या कचेरीत फोन लावला. पलीकडचा माणूस अगदी हळू आवाजात बोलत होता. साधकांना निरोप फक्त घरात कुणी गेलं तरच देतात, म्हणाला. नाहीबाईंनी त्याला गळतीबद्दल सांगितलं. त्यानं विचार केला आणि ते मृत्यूत मोडत नाही असं सांगून, तितक्याच हळू फोन ठेवला.

तेव्हा पायमोजा सोडून डिस्क बाहेर काढणं भाग होतं. नाहीबाईंनी स्वतःच्या हातानं तिची वायर यजमानांच्या काँप्युटरला जोडली. कुत्रा पडद्यावरून चालत गेला आणि मधोमध एक चौकट उघडली. ही डिस्क वापरण्याआधी ती फॉरमॅट करणं आवश्यक आहे, तुम्हाला ती फॉरमॅट करायची आहे का, असं त्यात लिहिलं होतं.

नाहीबाई चष्मा शोधायला वळल्या. चष्मा डोक्यावरच होता, पण तेवढ्यात यजमानांनी पहिलं 'हो' दाबलं होतं. दुसरी चौकट आली, तिच्यात 'सुरू करा' असं होतं, तेही त्यांनी दाबलं. तिसरी आली. तिच्यात पिवळा त्रिकोण होता. नाहीबाईंनी मागून वाचलं. डिस्कवरचा सगळा मजकूर पुसला जाईल, असं ठळक अक्षरांत लिहिलेलं आणि यजमानांचं बोट खाली येत होतं. त्यांनी बोट धरलं नाही, तेवढा वेळच नव्हता. त्यांनी वायर उपटली.

"अहो, काय करत होता?"

"तो इतक्या अदबीनं विचारत होता," यजमान म्हणाले. "तीन-तीनदा विचारत होता बिचारा."

नाहीबाईंनी माउस काढला, त्याची शेपटी त्याच्याभोवती गुंडाळली आणि तो पर्समध्ये टाकून चेन लावली. पुढचे दोन दिवस पर्स त्यांच्या खांद्यावरून उतरली नाही. न्हाणीघरातसुद्धा ती दाराच्या आतल्या खिळ्याला टांगलेली असायची.

मग त्यांनी जावयाला फोन केला. जावई परगावी असायचा आणि त्याला सगळं यायचं, निदान त्याचं तसं म्हणणं होतं. तो म्हणाला, आई, काळजी करू नका, फॉरमॅट म्हणजे डिस्कची साफसफाई, सरळ हो म्हणा. नाहीबाईंनी विचारलं की साफसफाई झाल्यावर आतले कागद राहतात का. जावयाचा आवाज एकदम तुटक यायला लागला. नेटवर्क नाही, आई, असं तीनदा अगदी स्पष्ट ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

बाजारातल्या मोठ्या काचेच्या दुकानात त्यांना एक तरुण भेटला, गळ्यात ओळखपत्र घातलेला. त्यानं डिस्क जोडली, पडद्यावर नजर टाकली आणि सांगितलं की ही मेलेली आहे. पण घाबरू नका, म्हणाला, पाच मिनिटांत फॉरमॅट करून नवीकोरी देतो. नाहीबाईंनी आतल्या कागदांचं विचारलं. आत काहीच नाही, काँप्युटर रिकामी दाखवतोय, असं तो म्हणाला.

"रिकामी आहे असं म्हणतोय," नाहीबाईंनी विचारलं, "की मला वाचता येत नाही असं म्हणतोय?"

त्या तरुणानं पडद्याकडे पुन्हा पाहिलं. मग गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं, जणू त्यावर उत्तर लिहिलेलं असावं. एकच की हो ते, म्हणाला. नाहीबाईंनी डिस्क उचलून पायमोज्यात घातली आणि निघाल्या.

इकडे गळतीला पण दम धरवत नव्हता. थेंब मिनिटाला नऊ झाले होते. नर्सचा खांदा भरून आल्यानं छत्री आता रोग्यालाच धरायला देत होते, आणि सुई टोचली की रोगी छत्री सोडायचा. प्लंबर रोज सकाळी हातोडा घेऊन यायचा, जिन्यातल्या भिंतींना कान लावत फिरायचा आणि नाहीबाईंच्या दाराशी थांबून विचारायचा, "काकू, आज एक फोडू का?" नाहीबाई म्हणायच्या, नाही. तो मान डोलवून पायरीवर बसायचा.

वर्तमानपत्राच्या दुकानाशेजारी जिन्याखालच्या खोपटात एक दुरुस्तीवाली बसायची. मूळची रेडिओ दुरुस्त करणारी. आता लोक तिच्याकडे जे काही बंद पडेल ते आणायचे. तिनं डिस्क हातात घेतली, मोज्याकडे बघून हसली आणि ती कुणाची आहे ते विचारलं. नाहीबाईंनी वन्संबद्दल, पेंग्विनबद्दल आणि यजमानांच्या तीन चौकटींबद्दल सांगितलं.

"मग ही काही मेलेली नाही, काकू," दुरुस्तीवाली म्हणाली. "ही तुमच्या वन्संच्या काँप्युटरनं त्याच्या पद्धतीनं लावून ठेवलीय. तुमच्या घरच्या काँप्युटरला ती पद्धत येत नाही. येत नाही असं कबूल करायच्या ऐवजी तो म्हणतो, सगळं पुसून माझ्या पद्धतीनं लावू का?"

नाहीबाईंनी स्टूल ओढलं आणि बसल्या. हे त्यांना तिनं आणखी एक अक्षर न सांगताही कळलं असतं. त्यांच्या कार्यालयात एकदा नवीन साहेब आले होते. त्यांनी जुन्या दप्तरखान्यात एक नोंद आडनावावरून शोधली, मग दुसरी शोधली, तिसरी शोधली, एकही सापडली नाही. खोलीत रद्दी आहे, खोली रिकामी करा, असा त्यांनी हुकूम काढला. प्रत्यक्षात जुन्या दप्तरदारांनी सगळ्या नोंदी बापाच्या नावावरून लावल्या होत्या, चाळीस वर्षांच्या, एकही न चुकता. साहेबांचा हुकूम तपासणीसाठी चार नंबरला आला. नाहीबाईंनी तो उलटून पाहिला. मागे कारण लिहिलेलं नव्हतं. त्यांनी तो परत केला आणि साहेबांची बदली होईपर्यंत परत करत राहिल्या.

दुरुस्तीवाली म्हणाली, माझ्या मशीनवर पेंग्विन आहे, आत्ता उघडून देते. नाहीबाई क्षणभर विरघळल्या. पण त्या काचेच्या दुकानातल्या अनुभवानंतर बिल्डिंगची कागदपत्रं परक्या काँप्युटरवर उघडायची, म्हणजे नाही. त्यांनी तसं सांगितलं आणि राग मानू नकोस, असंही सांगितलं. तिनं राग मानला नाही. तिनं एक पेनड्राइव्ह दिला. ह्यात पेंग्विन आहे, म्हणाली. हा लावून काँप्युटर सुरू केला की तो तात्पुरता पेंग्विनवाला होतो, आणि काढून परत सुरू केला की पुन्हा तुमचा पहिल्यासारखा. कसं करायचं ते तिनं एका कागदावर लिहून दिलं, आणि जागा संपली तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं.

घरी आल्यावर नाहीबाईंनी तो कागद दोन्ही बाजूंनी तीनदा वाचला. माउस पर्समधून बाहेर आला. पेनड्राइव्ह लावला. काँप्युटर सुरू होताना कीबोर्डच्या वरच्या ओळीतलं एक बटण पुन्हा पुन्हा दाबायचं होतं, आणि हे काम त्यांनी यजमानांना दिलं. यजमानांनी ते इतक्या मनापासून केलं की सुरू होऊन बराच वेळ झाला तरी ते दाबतच होते. पडदा काळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर धावल्या. मग एक निराळाच, स्वच्छ पडदा उघडला. त्यावर परक्या शहरांचं हवामान नव्हतं आणि कुत्राही नव्हता.

"तो परत येईल ना?" यजमानांनी विचारलं.

नाहीबाई म्हणाल्या, दुर्दैवानं हो.

पडद्यावर एकच चित्र ठळक दिसत होतं आणि त्याखाली 'इन्स्टॉल' असं लिहिलं होतं. यजमानांचा हात आपोआप तिकडे निघाला. नाहीबाईंनी या वेळी बोट हवेतच पकडलं आणि कागदाची मागची बाजू त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. तिथं दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं की त्या चित्राला हात लावू नका, नाहीतर तुमच्या काँप्युटरवरचं सगळं जाईल. यजमानांनी वाचलं आणि त्यांच्या टकलावर घाम आला. बत्तीस वर्षांच्या संसारात कागदाची मागची बाजू त्यांनी वाचल्याचं नाहीबाईंना हे पहिलंच आठवत होतं.

मग त्यांनी डिस्क जोडली. चौकट आली नाही, प्रश्न आला नाही. नुसती एक खिडकी उघडली आणि तिच्यात वन्संचं सगळं जसंच्या तसं रांगेत उभं होतं. 'ठराव'. 'नळ'. 'लिफ्ट नको म्हणणारे'. 'भांडण १' पासून 'भांडण ४१' पर्यंत, तारखांसकट. शेवटी एक फोल्डर होतं, त्याचं नाव 'वहिनी'.

यजमान म्हणाले, अगं, हे उघड, तुझ्याबद्दल काहीतरी लिहिलंय. नाहीबाईंनी त्या नावाकडे बराच वेळ बघितलं. उघडावंसं वाटलं नाही असं नाही. बोट माउसवर होतं, आणि 'भांडण ४१' पर्यंत मजल गेलेल्या बाईनं आपल्या भावजयीबद्दल काय काय लिहून ठेवलं असेल, याचा अंदाज त्यांना होता. पण दुसऱ्याचा कागद कामापुरताच उघडायचा, हा चार नंबरच्या खिडकीचा नियम होता.

"नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी 'नळ' उघडलं.

नकाशा सुरेख होता. निळे पाइप, लाल पाइप, वन्संच्या बारीक गणिती अक्षरात मापं. नाहीबाईंनी प्रिंटरच्या भानगडीत न पडता पट्टी आणि पेन्सिल घेऊन तो पडद्यावरून कागदावर उतरवला, खाली 'खरी प्रत' असं लिहून सही केली, आणि तारीखही घातली. उतरवता उतरवताच त्यांच्या लक्षात आलं की दवाखान्याच्या छताकडे जाणारा पाइप कुठल्याही मजल्यावरच्या संशयित भिंतीतून जात नाही. तो दुसऱ्या मजल्यावर त्यांच्याच न्हाणीघरातून जातो. मागच्याच वर्षी बसवलेल्या फिरोजी फरश्यांच्या मागून, चारही भिंतींना वळसा घालून.

प्लंबर पायरीवर बसला होता. त्यानं खरी प्रत बघितली, मग न्हाणीघर बघितलं आणि सवयीनं हातोडा पिशवीत घालायला लागला, कारण उत्तर त्याला ठाऊक होतं.

"फोडा," नाहीबाई म्हणाल्या आणि बाहेर जाऊन बसल्या.

फरश्या फुटण्याचा आवाज पाऊण तास येत होता. यजमान प्रत्येक आवाजाबरोबर एकेकदा दचकत होते. शेवटी आतून प्लंबरचा समाधानी आवाज आला की इथंच आहे. तास-दीड तासात पाइप बदलून झाला. खाली डॉक्टरांनी छत्री मिटली, आणि खुर्चीतल्या माणसाला उगाचच उकडायला लागलं.

वन्सं अकराव्या दिवशी परतल्या. दहा दिवसांचं साठलेलं सगळं त्यांनी रिक्षावाल्याला, दोन शेजारणींना आणि जिन्यात भेटलेल्या नर्सला सांगितलं, तरी नाहीबाईंकडे पोहोचल्या तेव्हा बरंच उरलं होतं. सगळी हकिगत ऐकून त्यांनी न्हाणीघरात डोकावून पाहिलं. उघड्या विटा, नवा पाइप, कोपऱ्यात फिरोजी तुकड्यांचा ढीग.

"वहिनी, फरश्या कशाला फोडल्या? बाहेरच्या पॅसेजमध्ये, सूचनाफलकाच्या मागे झाकण आहे. चार स्क्रू काढले की हाच पाइप हाताला लागतो."

"नकाशात झाकण नव्हतं."

"नकाशात कसं असेल, ते मी मागाहून करून घेतलं. म्हणून तर सगळं सविस्तर लिहून ठेवलं होतं. गळती झाली तर काय करायचं, कुठलं झाकण, कुठला स्क्रू. फोल्डरला तुमचं नाव दिलं होतं. दिसलं नाही का?"

यजमान खिडकीबाहेर बघायला लागले, आणि त्यांचे खांदे हलत होते.

"मला वाटलं, माझ्याबद्दल आहे," नाहीबाई म्हणाल्या.

"तुमच्याबद्दल नाही हो. तुमच्यासाठी." वन्संनी न्हाणीघरातून डोकं बाहेर काढलं. "तुमच्याबद्दलचं 'भांडण ९' मध्ये आहे."

त्यावर दोघी बराच वेळ हसल्या. मग 'भांडण ९' मध्ये नेमकं काय आहे यावरून दोघींचं वाजलं, आणि ते वन्संनी 'भांडण ४२' म्हणून नोंदवून ठेवलं.

नव्या फरश्यांचे नमुने घेऊन विक्रेता आला तेव्हा यजमानांनी त्याला पहिल्या तीन नमुन्यांना हो म्हणून टाकलं, त्यामुळे न्हाणीघराच्या तीन भिंती आता तीन रंगांच्या आहेत. चौथी नाहीबाईंनी निवडली. त्या निवडीला अडीच महिने लागले आणि तोवर ती उघडीच होती. दुपारी त्या वरच्या मजल्यावर जातात. वन्सं त्यांना पेंग्विन शिकवतात. पडद्यावर काही आलं की नाहीबाई ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचतात आणि वन्संचा जीव मेटाकुटीला येतो, कारण एक फाइल उघडायला पाऊण तास जातो. खाली यजमान आपल्या काँप्युटरसमोर बसलेले असतात. परवा त्यांना कुणीतरी विचारलं आणि ते हो म्हणाले, तेव्हापासून पडद्यावर एक मांजरही आहे.